हुबळीचा फोन आर्वीवरून जायचा

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ आर्वी नावाचं गाव आहे. हुबळी-धारवाडच्या माणसाचा त्या गावाशी संबंध येण्याचं तसं काही कारण नाही. पण १९७२ नंतर कित्येक वर्षं आमच्या भागातून लंडनला फोन लागला, की बोलणाऱ्याचा आवाज आधी मुंबईला, मुंबईहून आर्वीला आणि तिथल्या प्रचंड तबकडीवरून आभाळात जायचा. हिंदी महासागराच्या वर, विषुववृत्तापासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर इंटेलसॅटचा उपग्रह होता. तो आवाज झेलून इंग्लंडकडे उतरवायचा. तिकडे कॉर्नवॉलमध्ये गूनहिली नावाच्या माळावर तशीच तबकडी उभी होती. तिथून लंडन, लीड्स, बर्मिंगहॅम, जिथे कुठे आपलं माणूस असेल तिथे.

मी १९७३ साली हुबळीच्या ट्रंक एक्स्चेंजात ऑपरेटर म्हणून लागले. घर धारवाडला, घरात मराठी, बाहेर कन्नड आणि बोर्डावर बसलं की इंग्रजी. कानाला हेडसेट, समोर कॉर्डांची रांग, हाताशी तिकिटांचा गठ्ठा. तिकीट म्हणजे कॉलची नोंद करायचा छोटा छापील कागद. कुणी बुक केला, कुठला नंबर हवा, साधा की अर्जंट, पी.पी. म्हणजे ठरावीक माणसालाच द्यायचा असेल तर कुणाला, किती वाजता लागला, किती वाजता संपला, सगळं त्यावर. परदेशचा कॉल असला की बुकिंग मुंबईच्या ओव्हरसीज ऑपरेटरकडे द्यायचं आणि वाट बघायची. आमच्या वरिष्ठ अक्का मुंबईशी बोलताना सहज म्हणायच्या, “आर्वी कसं आहे आज?” घाटात पाऊस कसा आहे विचारावं, तसं. नव्या मुलींना आर्वी म्हणजे कुणी बाई वाटायची.

ही तबकडी काय करत होती हे नीट सांगायचं, तर आधी ती नव्हती तेव्हाचं सांगावं लागतं. तो इतिहासही पुणे जिल्ह्यातलाच आहे. २३ जुलै १९२७ रोजी भारत आणि इंग्लंड यांच्यात बिनतारी संदेशवहन सुरू झालं, तेव्हा संदेश पाठवणारं केंद्र खडकीला आणि घेणारं दौंडला होतं. मुंबई-लंडन रेडिओ टेलिफोन १ मे १९३३ रोजी सुरू झाला. हे सारं लघुलहरींवर चालायचं. जमिनीपासून शेकडो किलोमीटर वर विद्युतभारित कणांचा जो थर आहे, त्यावर आपटून लहरी पुन्हा खाली येतात आणि अशा उड्या मारत समुद्र ओलांडतात. पण तो थर सूर्याच्या भरवशावर असतो. दिवसा एक, रात्री दुसरा. म्हणून लहरींची लांबी वेळेनुसार बदलावी लागे. सूर्यावर वादळ झालं की आवाज विरघळून जायचा. जुन्या ऑपरेटर सांगायच्या, की विलायतेचा कॉल लागला तरी समुद्राच्या गाजेसारखा आवाज मध्ये यायचा, त्यात नाव-गाव ओळखून घ्यायचं. स्वातंत्र्याच्या वर्षी, १ जानेवारी १९४७ ला, ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस हे सरकारी खातं स्थापन झालं आणि परदेशी संदेशवहन त्याच्याकडे आलं. बोलणारी माणसं मात्र वाढत होती आणि वाहिन्या मोजक्याच होत्या.

उपग्रहाची तयारी अहमदाबादेत झाली. १९६७ साली तिथे संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने प्रायोगिक उपग्रह भूकेंद्र उभं राहिलं. विक्रम साराभाईंचा आग्रह असा होता, की परदेशी कंपनीने सगळं बांधून द्यायचं आणि आपण बटणं दाबायची, हे नको. तबकडी कशी बांधतात, कशी वळवतात, बिघडली तर कशी उघडतात, हे आपल्या माणसांच्या हाताला कळलं पाहिजे. अहमदाबादेत शिकलेल्या या माणसांच्या बळावर आर्वीचं व्यापारी केंद्र उभं राहिलं. साराभाई ते सुरू झालेलं बघायला राहिले नाहीत. ३० डिसेंबर १९७१ रोजी ते गेले आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २६ फेब्रुवारी १९७२ ला, केंद्राचं उद्घाटन झालं. केंद्राला नाव दिलं विक्रम. त्या दिवशी टपाल खात्याने आर्वीच्या तबकडीचं २० पैशांचं तिकीट काढलं. माझ्या भावाच्या अल्बममध्ये ते आहे. तबकडीचं चित्र पहिल्यांदा मी त्या तिकिटावर पाहिलं.

तबकडीचा व्यास जवळजवळ ३० मीटर. एवढी मोठी कशाला, असं लोक विचारतात, आणि उत्तर सोपं आहे. त्या काळच्या उपग्रहावरच्या प्रेषकाची शक्ती घरातल्या साध्या बल्बहूनही कमी होती. तेवढी शक्ती जवळजवळ एक तृतीयांश पृथ्वीवर पसरायची. आर्वीच्या वाट्याला जे यायचं ते इतकं क्षीण, की ते गोळा करायला तीस मीटरची वाटी लागायची. गोळा करून भागत नसे. यंत्राच्या स्वतःच्या उष्णतेचाही एक गोंगाट असतो आणि त्यात हा नाजूक संदेश बुडून जातो. म्हणून त्या काळच्या मोठ्या केंद्रांत पहिला वर्धक हेलियम वायूच्या साहाय्याने उणे अडीचशे अंशांच्या आसपास थंड ठेवत. बाहेर जुन्नरचा मे महिना आणि आत, एका पेटीत, ही थंडी.

आणखी एक गोष्ट मला पुढे एका अभियंत्याने समजावली. एवढी मोठी तबकडी आभाळाचा जो तुकडा बघते, तो पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा नसतो. उपग्रह स्थिर म्हणतात, पण तो आपल्या जागी थोडा डुलतच असतो. तेव्हा शेकडो टनांचं ते धूड दिवसरात्र केसभर, केसभर सरकवत त्याच्या मागे ठेवावं लागतं. वारा सुटला तरी, ऊन पडून लोखंड प्रसरण पावलं तरी. पृष्ठभागाचा बाक एखाद-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त बिघडून चालत नाही. हे सगळं करणारी माणसं तीन पाळ्यांत काम करायची आणि त्यांची नावं कुठल्याही तिकिटावर छापली गेली नाहीत.

वर्षातून दोनदा, मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुमारास, सूर्य ठरलेल्या वेळी नेमका उपग्रहाच्या पाठीमागे येतो. तबकडी त्याच्याकडेच तोंड करून असते, त्यामुळे सूर्याचा रेडिओ-गोंगाट थेट आत शिरतो. काही मिनिटं सगळं बधिर. अशा वेळी मुंबईची ऑपरेटर शांतपणे सांगायची, “सन आउटेज, दहा मिनिटं थांबा.” हुबळीच्या दुकानदाराला हे कसं सांगायचं? मी सांगायचे, सूर्य आडवा आलाय. त्यांना ते पटायचं.

एक कॉल मला आजही आठवतो. घंटीकेरीतल्या एक आजी, सगळे त्यांना अव्वा म्हणायचे. मुलगा इथल्याच मेडिकल कॉलेजात शिकून लीड्सच्या इस्पितळात गेलेला. महिन्याकाठी त्या तीन मिनिटांचा पी.पी. कॉल बुक करायच्या. उपग्रहापर्यंत जाऊन खाली यायला आवाजाला पाव सेकंद लागतो, उत्तर परत यायला आणखी पाव. अर्ध्या सेकंदाची ही फट समोरासमोर बोलणाऱ्या माणसाला सवयीची नसते. अव्वा विचारायच्या, “जेवलास का रे?” उत्तर लगेच आलं नाही की घाबरून पुन्हा विचारायच्या, तेवढ्यात त्याचं उत्तर यायचं आणि दोघांचे शब्द एकमेकांवर आदळायचे. तिकडून तो थांबायचा, इकडून या थांबायच्या. तीन मिनिटांतलं एक मिनिट असंच जायचं. मी त्यांना सांगितलं, “अव्वा, तुमचं बोलणं झालं की मनात ‘विठ्ठल’ म्हणा, मग ऐका.” त्यानंतर त्यांचा कॉल सुरळीत व्हायला लागला. पुढे मी हीच युक्ती कितीतरी जणांना सांगितली. आर्वीच्या अभियंत्यांनी प्रतिध्वनी दाबायची यंत्रं बसवली होती, त्यांचं काम मोठंच. पण ती अर्ध्या सेकंदाची फट कुठल्या यंत्राने बुजणार नव्हती. तिथे माणसालाच माणसाला शिकवावं लागलं.

आमच्या भागाला उपग्रहाची दुसरी ओळख झाली ती १९७५ साली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं एक वर्ष ‘साइट’ हा प्रयोग चालला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभर आपल्याला वापरायला मिळाला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत सरकारी टीव्ही संच बसले. कर्नाटकातले जिल्हे होते विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर. कार्यक्रम व्यवस्थापक होते एकनाथ वसंत चिटणीस, मूळचे कोल्हापूरचे. माझे मोठे दीर तेव्हा विजापूर जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या शाळेच्या आवारात तबकडी आली ती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीची. दहा फुटांची चौकट, त्यावर जाळी ताणलेली, बस्स. आर्वीला तीस मीटरची आणि इथे दहा फुटांची कशी चालते? कारण या खेपेला मोठी तबकडी वर होती. एटीएस-६ ने अवकाशात गेल्यावर नऊ मीटरची स्वतःची तबकडी उलगडली होती आणि तिच्यातून येणारा झोत एवढा जोरकस होता, की खाली जाळी पुरली. संध्याकाळी गाव शाळेपुढे बसायचं. कन्नडमधून शेतीचं, आरोग्याचं, मुलांचं काहीबाही लागायचं. दीर सांगायचे, की पहिल्या आठवड्यात निम्मी माणसं पडद्याकडे आणि निम्मी जाळीकडे बघायची. वर्ष संपलं, उपग्रह परत गेला आणि ती जाळी शाळेच्या भाजीच्या वाफ्याला कुंपण म्हणून लागली.

त्याचं मला त्या वेळी काही वाटलं नाही. आता वाटतं. देशातल्या पहिल्या उपग्रह-दूरचित्रवाणीची ती खेड्यातली बाजू होती. आर्वीचं केंद्र जेवढं भूकेंद्र, तेवढीच ती जाळीही.

यानंतरचं सगळं वेगाने झालं. १९७६ मध्ये मुंबईहून लंडनला थेट नंबर फिरवायची सोय आली. डेहराडूनजवळ दुसरं केंद्र उभं राहिलं. १९८२ मध्ये आपल्या कर्नाटकात हासनला इन्सॅट उपग्रहांचं नियंत्रण केंद्र सुरू झालं. १ एप्रिल १९८६ ला ओव्हरसीज खात्याचं विदेश संचार निगम झालं, आणि २००२ मध्ये ते टाटांकडे गेलं. उपग्रहांची ताकद वाढत गेली तशा तबकड्या लहान होत गेल्या, इतक्या की आज त्या धारवाडच्या कौलारू घरांवरही दिसतात. पण आर्वीसारख्या केंद्रांचं मुख्य काम काढून घेतलं ते समुद्राने. १९९४ मध्ये मुंबईला प्रकाशतंतूंची सी-मी-वी-२ ही समुद्राखालची केबल आली, १९९७ मध्ये फ्लॅग आली. केसाएवढ्या काचेच्या तंतूतून हजारो बोलणी जायला लागली आणि ती अर्ध्या सेकंदाची फटही मिटली. आमचे बोर्डही गेले. एका एक्स्चेंजात मी डोळ्यांनी पाहिलं, लाकडी चौकटीसकट बोर्ड टेंपोत चढवला आणि तांब्याच्या भावाने गेला. तिकिटांचे गठ्ठे, पाळीची रजिस्टरं रद्दीत. ज्यांनी विकलं त्यांनी नियमाप्रमाणेच विकलं. जुनं सामान म्हणजे भंगार, एवढाच रकाना त्या नियमात होता.

जगात काही ठिकाणी मात्र दुसरा रकाना काढला गेला. गूनहिलीची पहिली तबकडी, जिला तिथले लोक लाडाने आर्थर म्हणतात, १९६२ ची. जुलै १९६२ मध्ये टेलस्टार उपग्रहावरून अटलांटिकपलीकडची चित्रं तिने घेतली. २००३ मध्ये तिला इंग्लंडच्या वारसा यादीत संरक्षण मिळालं. वयाची पन्नाशीही गाठली नव्हती तिने. पुढे तिथल्याच ३२ मीटरच्या दुसऱ्या तबकडीचं नूतनीकरण होऊन ती आता चंद्र-मंगळाच्या वाटेवरच्या यानांशी बोलते. फ्रान्सात प्लमर-बोदूचा तो पांढरा प्रचंड घुमट संग्रहालयाचा भाग झाला. ऑस्ट्रेलियात कार्नार्व्हनला जुन्या केंद्राच्या आवारात २०१२ पासून संग्रहालय आहे.

पण मला सर्वांत पटलेला मार्ग वेगळा आहे. न्यूझीलंडमध्ये वर्कवर्थची ३० मीटरची तबकडी टेलिफोन कंपनीने सोडली, तेव्हा २०१० मध्ये विद्यापीठाने ती घेतली आणि तिची रेडिओ दुर्बीण केली. जपानमध्ये इबाराकीच्या दोन ३२ मीटरच्या तबकड्यांचं तेच झालं. घानामध्ये कुंटुन्से इथली ३२ मीटरची तबकडी अशीच पडून होती. दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांच्या मदतीने २०१७ मध्ये ती दुर्बीण म्हणून सुरू झाली. हे जमतं याचं कारण निसर्गाची एक मेहेरबानी. आकाशात जिथे नवे तारे जन्मतात, तिथल्या मेथॅनॉलच्या रेणूंकडून ६.७ गिगाहर्ट्झच्या आसपास एक तीव्र रेडिओ संदेश येतो आणि उपग्रहाशी बोलायची जुनी वारंवारता ६ गिगाहर्ट्झच्या घरातलीच होती. म्हणजे तबकडीचा बाक, तिची घडण आयतीच त्या कामाची. बदलायचं ते मुख्यतः आतलं इलेक्ट्रॉनिक्स.

आर्वीच्या बाबतीत तर हे आणखी जवळचं आहे. नारायणगावच्या परिसरातच खोडदला जीएमआरटी आहे, गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली, ४५ मीटरच्या ३० तबकड्यांची दुर्बीण. विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरतं, शाळांची पोरं बस भरभरून येतात. मी नातवाला घेऊन गेले होते. एवढ्या मोठ्या तबकड्यांची देखभाल ज्यांना येते अशी माणसं, ती बघायला उत्सुक असलेली मुलं आणि उपग्रह-संदेशवहनाचा पहिला अध्याय, तिन्ही एकाच परिसरात. असा योग दुसऱ्या देशाला मिळाला असता तर त्याने सोडला नसता.

तबकडीला नवं काम देण्याच्या या मार्गावर माझा भर आहे, कारण ती नुसती उभी ठेवून जपता येत नाही. फिरायची थांबली की बेअरिंगवर एकाच जागी भार येतो, ग्रीस घट्ट होतं, सांध्यांत गंज धरतो. वाऱ्यापासून वाचवायला तिचं तोंड आभाळाकडे करून ठेवतात, मग पावसाचं पाणी वाहून जायची भोकं पाल्यापाचोळ्याने बुजली की पत्रा सडायला लागतो. मधूनमधून फिरवणं, रंग देणं, बोल्ट तपासणं, हे करणारी माणसं आणि त्यासाठी पैसा, या दोन्हींशिवाय जतन हा शब्द पोकळ आहे. म्हणून तबकडीला काम देणं हेच मला खरं जतन वाटतं.

कायद्याकडे बघावं तर केंद्राचा १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा किमान शंभर वर्षं जुन्या वास्तूला हात देतो. त्या हिशेबाने आर्वीची पाळी २०७२ मध्ये येईल. वस्तूंसाठीचा १९७२ चा पुरावस्तू कायदाही सर्वसाधारणपणे शंभर वर्षांचीच अट घालतो. देऊळ-किल्ल्यांसाठी हे ठीक आहे, दगड शंभर वर्षं वाट बघू शकतो. लोखंडाची आणि तारांची गोष्ट तशी नाही. यंत्रांच्या वारशासाठी वयाची वेगळी अट हवी, तीस वर्षांची ठेवा, चाळीसची ठेवा, पण ठेवा. आणि सरकारी असो की खासगी, संदेशवहनाची जुनी यंत्रणा भंगारात काढण्याआधी एखाद्या विज्ञान केंद्राला किंवा विद्यापीठाला विचारणं सक्तीचं करा. धारवाडला कर्नाटक विद्यापीठाच्या आवारात विज्ञान केंद्र आहे. तिथल्या मुलांना ट्रंक बोर्डावर बसून कॉर्ड लावून बघता आली, त्यांचा आवाज मुद्दाम अर्धा सेकंद उशिरा ऐकवला, तर उपग्रह किती दूर आहे ते पाठ करावं लागणार नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर कागद आणि आठवणी आपल्या हातात आहेत. तुमच्या घरात कुणी ओव्हरसीज खात्यात, आर्वीला, अहमदाबादच्या केंद्रात किंवा कुठल्याही गावच्या ट्रंक एक्स्चेंजात काम केलं असेल, विजापूर-रायचूरकडे साइटचा टीव्ही सांभाळला असेल, तर त्यांचे फोटो, डायऱ्या, पाळीची रजिस्टरं, कॉलची तिकिटं, जुनं हेडसेट रद्दीत देऊ नका. फोटोच्या मागे पेन्सिलीने साल, ठिकाण आणि माणसांची नावं लिहा. शेजारी बसून मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. रात्रपाळीत काय व्हायचं, वादळात काय करायचे, बिघाड कसा शोधायचे, हे विचारा. मोठे प्रश्न विचारायची गरज नाही. मग त्याची एक प्रत जवळच्या कॉलेजच्या ग्रंथालयात द्या. हे येत्या सुट्टीतच करा, कारण १९७२ साली पंचविशीत असलेला माणूस आज ऐंशीच्या घरात आहे.